पालथी सुपं

भाद्रपदातल्या एका मंगळवारी माझी बहीण बिडी कारखान्यात बिड्या वळताना मेली. सूप तिच्या मांडीवर होतं. डाव्या हातात पान होतं. मी त्याच दालनात टेबलाशी बसून दुसऱ्या कुणाचा कट्टा तपासत होतो.

तिला मी बाई म्हणत असे. आमच्याकडे थोरल्या बहिणीला बाईच म्हणतात. ती माझ्याहून अकरा वर्षांनी मोठी. आम्ही मूळचे तिरोड्याकडचे कोष्टी. घरी दोन माग होते. गिरणीचं कापड बाजारात आलं तसे ते एकेक करून थांबले. पहिल्याच्या लाकडाची खाट झाली, दुसरा सरपणात गेला. वडील वारल्यावर आई मला घेऊन गोंदियात रेल्वेफाटकापलीकडे येऊन राहिली. बाईचं लग्न अर्जुनीकडे झालं होतं. चार वर्षांत नवरा तापाने गेला आणि ती परत आली. आल्याच्या आठवड्यातच तिने सूप हातात घेतलं. पुढे आईही गेली आणि घरात आम्ही दोघंच उरलो.

ज्यांनी हे काम पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. तेंदूचं पान आदल्या संध्याकाळी भिजवून ठेवायचं, पत्र्याचा फरमा वर धरून कातरीने त्याच्या मापाचं कापायचं. सकाळी कारखान्यात सूप मांडीवर घ्यायचं. सुपात एका बाजूला कापलेली पानं, एका बाजूला जर्दा. पानात चिमूटभर जर्दा घालून वळायचं, तोंड दुमडायचं, धागा बांधायचा. पंचवीस बिड्यांचा एक कट्टा. दिवसभर एवढंच. कापून उरलेल्या पानांच्या कडांना कातरण म्हणतात. ते कामगाराचं. घरी कापलेली पानं दुपारपर्यंत संपत, मग कारखान्यातच कापावी लागत; तिथलं कातरण बायका ओटीत भरून घरी नेत आणि चूल पेटवीत.

बाई डावखुरी होती. त्यामुळे तिच्या बिडीवर पानाची कड उलट दिशेने फिरलेली असे. दालनात शंभरावर माणसं वळत होती, पण शंभर कट्ट्यांतून तिचा कट्टा मी न बघता, नुसत्या बोटांनी ओळखला असता.

तिने मला सातवीपर्यंत शिकवलं. मग मुनीमजीकडे शब्द टाकला आणि मी त्याच कारखान्यात चेकर झालो. चेकरचं काम सोपं असतं. कामगार कट्टे आणून टेबलावर ठेवतो. चेकर त्यातली बिडी दाबून बघतो, तोंड बघतो, पान फाटलेलं आहे का ते बघतो. जी पटत नाही ती बाजूच्या टोपलीत टाकतो. तिला छाट म्हणतात. छाटीची मजुरी मिळत नाही आणि ती बिडीही परत मिळत नाही.

मी वाईट चेकर नव्हतो. माझ्या आधीचा चेकर ज्या कामगारणीशी भांडण होई तिचे कट्टेच्या कट्टे फेकी. मी तसं केलं नाही. पण माझी बहीण समोर रांगेत होती आणि मुनीम पाठीमागे गादीवर होता. चेकर बहिणीला सांभाळतो असं कुणी म्हणू नये म्हणून तिचे कट्टे मी जास्त निरखून पाहत असे. निरखून पाहिलं की कोणत्याही कट्ट्यात खोट सापडते.

संध्याकाळी घरी ती उद्याची पानं कापत बसे आणि मी तिला वाचून दाखवीत असे. पोथी, पंचांग, शाळेचं भूगोलाचं पुस्तक, पेटीत असेल ते. तिला भूगोल आवडे. अमुक गावाहून तमुक गाव किती कोस, तिथे काय पिकतं, हे ती पुन्हा पुन्हा विचारी. अशाच एका संध्याकाळी कातर न थांबवता तिने विचारलं,

“आज किती फेकलेस माहे, बाबू?”

“दोन कट्टे.”

“बरोबर फेकले का?”

मी पुस्तकाचं पान उलटलं. मग म्हणालो, “एक फेकायलाच हवा होता.”

ती हसली. “मंग दुसरा तुह्या इमानदारीचा. ठेव. कोनाले तरी भरावाच लागते.”

त्यानंतरही मी बदललो नाही. हे इथे लिहून ठेवतो.

जर्मनीची लढाई सुरू होऊन दोन पावसाळे झाले होते. त्या वर्षी महाशिवरात्रीला बाई अर्जुनीजवळच्या प्रतापगडच्या जत्रेला गेली. सासरकडचा नवस राहिला होता, तो फेडायचा होता. छोट्या रुळांच्या गाडीने अर्जुनीपर्यंत आणि पुढे पायी. महादेवाचं दर्शन घेऊन, तिथल्याच दर्ग्यावर फूल वाहून ती दोन दिवसांनी परत आली. पाय न धुताच आत आली आणि मी वाचत होतो त्या पुस्तकावर एक कट्टा ठेवला.

आमच्या कारखान्याचा धागा लाल होता. या कट्ट्याचा पांढरा होता. वरचं लेबलही दुसरं होतं.

“जत्रेत इकून राहिला होता एक जन,” ती म्हणाली. “मांडी घालून बसला होता, बाजूले ढीग. मी सहज पाह्यलं. मंग घेतला.”

“तू बिडी कधीपासून ओढायला लागलीस?”

“तू दाबून तं पाह्य.”

मी एक बिडी उचलली. पानाची कड उलट फिरलेली होती. दुसरी उचलली, तीही तशीच. पंचवीसपैकी सात-आठ तिच्या होत्या, बाकी इतरांच्या.

“माह्याच हायेत ना?”

“हो.”

“तूच फेकल्या होत्या ना?”

“हो.”

“मंग लोक पैसे देऊन ओढून राहिले, त्या खराब कश्या?”

छाटीची टोपली रोज संध्याकाळी मागच्या खोलीत जाते हे मला ठाऊक होतं. तिथे दोन माणसं लाल धागा सोडून पांढरा बांधतात आणि तीच बिडी दुसऱ्या लेबलाने विकायला जाते, हेही ठाऊक होतं. मी ते कधी कुणाला सांगितलं नव्हतं. कुणी विचारलं नव्हतं, असं मी स्वतःला सांगत असे. त्या दिवशी विचारलं गेलं आणि मी पुस्तक मिटून पेटीत ठेवलं.

दुसऱ्या दिवसापासून तिने एक गोष्ट सुरू केली. मी तिची बिडी छाटीत टाकायला हात नेला की ती म्हणे, “मोड.”

एवढाच शब्द. रागाने नाही. आपण एखाद्याला दार लोटून घ्यायला सांगतो, तसं. खराब आहे ना, मग माझ्यासमोर मोड. मोडली की ती कुणालाच विकता येणार नाही.

मी मोडत नव्हतो. मुनीमजी गादीवरून म्हणत, “तोड़ने का हुक्म नहीं है, बाई. आगे बढ़ो.” ती पुढे सरके. दुसऱ्या दिवशी पुन्हा.

तिच्या उजव्या बाजूला एक म्हातारी बसे. दात नव्हते, जीभ होती. तिने पंधरा दिवस हे पाहिलं आणि मग तीही म्हणू लागली. डाव्या बाजूला स्टेशनामागच्या मोहल्ल्यातली एक मुसलमान बाई बसे. तिचा नवरा रेल्वेत खलाशी होता. ती हिंदीत म्हणू लागली. आषाढापर्यंत रांगेतल्या बऱ्याच जणी टेबलाशी आल्या की तो शब्द बोलत. काही जणी चेष्टेत बोलत. “मोड ना चेकरबाबू, का घरी बायको नाई म्हनून हातात जोर नाई?” मुनीमही हसे. शब्द म्हणण्यापलीकडे कुणी काही करत नव्हतं. काय करायचं हे कुणाला ठाऊक नव्हतं.

त्याच सुमारास नागपूरकडून एक गृहस्थ आले होते. कारखान्याबाहेर उभे राहून त्यांनी भाषण केलं. चांगलं बोलले. जगातल्या कामगारांबद्दल बोलले. शेवटी वही उघडून म्हणाले, नावं सांगा. कुणी सांगितलं नाही. कागदावर नाव गेलं की जमीन जाते किंवा माणूस जातो, एवढा अनुभव प्रत्येकाच्या घरात होता. म्हातारी म्हणाली, “लय गोड बोलते गा. पन आमची छाट ह्याले ठाऊकच नाई.” गृहस्थ संध्याकाळच्या गाडीने परत गेले.

बाईला खोकला होता. जर्द्याची धूळ सगळ्यांच्याच छातीत होती, म्हणून त्याकडे कुणी वेगळं लक्ष दिलं नाही, मीही दिलं नाही. त्या मंगळवारी सकाळी तिने कट्टे आणले, मी चार बिड्या छाटीत टाकल्या, ती “मोड” म्हणाली, मी मोडल्या नाहीत, ती जागेवर जाऊन बसली. दुपारी म्हातारीने हाक मारली, “बाबू, इकडे ये. बाई पाह्य कशी बसून राहिली.” मी गेलो तेव्हा ती भिंतीला टेकलेली होती. म्हातारीने सूप तिच्या मांडीवरून काढलं आणि मुसलमान बाईने तिच्या हातातलं पान सोडवलं.

अर्जुनीला तिच्या सासरी निरोप पाठवून माणसं यायची म्हणजे दोन दिवस. तेवढं थांबता येणार नव्हतं. अग्नी मी दिला. पांगोली नदीच्या काठी लाकूड ओलं होतं, चिता धरेना. कारखान्यातले पुरुष आले होते. त्यांच्यापैकी एक जण परत गेला आणि त्याने बायकांना सांगितलं. बायका स्मशानात येत नाहीत. त्यांनी आपापल्या ओटीतलं त्या दिवशीचं कातरण एका पोत्यात ओतलं आणि पोतं पाठवलं. तेंदूचं कातरण लवकर पेटतं. चिता त्याने धरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडलं तर आमच्या गल्लीत बायका बसल्या होत्या. प्रत्येकीसमोर तिचं सूप होतं आणि ते पालथं होतं.

आमच्या वस्तीत घरात मयत झालं की सूप पालथं घालून ठेवतात. सुतक फिटेपर्यंत पाखडत नाहीत. हे मला माहीत होतं. पण ते ज्याच्या घरी मयत झालं त्याचं सूप. मी म्हातारीला विचारलं, “हे काय?”

“सुतक.”

“तुम्हाला कसलं सुतक?”

“बारा वर्षं तिच्या मांडीले माही मांडी लागून होती. तुले असंल तं मले काऊन नाई?”

“आणि कामावर?”

“सुतक्याच्या हातची बिडी कोनी तोंडात धरते का गा? सेठ धरंल? सोमवार करते तो.”

मग मला समजलं. कामावर जाणार नाही असं त्या म्हणत नव्हत्या. जाता येत नाही असं म्हणत होत्या. हे कुणी सुचवलं ते मला आजवर कळलेलं नाही. विचारलं तेव्हा प्रत्येकीने दुसरीकडे बोट दाखवलं.

मुसलमान बाई थोडी बाजूला बसली होती. तिचंही सूप पालथं होतं. म्हातारी तिला म्हणाली, “तुमच्यात तं सुतक नसते वो.”

“हमारे में तीन दिन का सोग होता है, अम्मा.”

“मंग चवथ्या दिवशी जाशील?”

“चवथ्या दिवशी बुखार आएगा,” ती म्हणाली. बायका हसल्या. मयताच्या दारात हसल्या म्हणून लगेच गप्पही झाल्या.

त्या गल्लीचं वर्णन कुणी पुढे फार गोड करून सांगेल, म्हणून लिहितो. बायका एकत्र बसल्या तरी एका घड्याचं पाणी प्यायल्या नाहीत. पहिल्या दिवशी तीन घडे होते, तीन ठिकाणी ठेवलेले. दहाव्या दिवशीही तीनच होते. पण सुपं सगळी पालथी होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी मुनीमजी आले. सुतकाच्या घराचा ओटा ते चढले नाहीत, गल्लीतच उभे राहिले.

“बहुत बुरा हुआ, मास्टर,” ते म्हणाले. मी वाचतो म्हणून ते मला मास्टर म्हणत. “भगवान की मर्जी. कब आ रहे हो?”

“सुतक आहे.”

“तुम्हारा तो समझा. ये लोग क्यों बैठे हैं? इनका कौन मरा?”

मग ते वाकून हळू आवाजात म्हणाले, “देखो, तुम आ जाओ तो ये अपने आप आ जाएँगे. सगा भाई काम पे, और पड़ोसन सूतक में? लोग हँसेंगे. सोच लो.”

त्यांचं म्हणणं खरं होतं. बायकांनाही ते ठाऊक होतं, म्हणून त्या माझ्याकडे पाहत नव्हत्या. सगळ्यांची सुतकं माझ्या सुतकाला टांगलेली होती. मी टेबलाशी जाऊन बसलो असतो तर त्यांची सुपं त्याच दिवशी सुलटी झाली असती आणि बाईचा शब्द तिच्याबरोबर संपला असता. मला करायचं होतं ते एवढंच: घरात बसून राहायचं. हे मला जमण्यासारखं होतं. तरी भीती वाटत होती, आणि तिचं कारण मी कुणाला सांगितलं नव्हतं.

कारण पेटीतल्या पोथीत होतं. पहिल्याच संध्याकाळी मी ती काढून पाहिली होती. लग्न झालेली बहीण दुसऱ्या कुळाची. तिचं सुतक भावाला दहा दिवस नाही, तीन दिवस. मी ती ओळ तीनदा वाचली आणि पोथी तळाशी ठेवली. पुस्तकात लिहिलेलं मी आयुष्यात कधी मोडलं नव्हतं. चौथा दिवस उजाडला तेव्हा माझं सुतक फिटलेलं होतं आणि ते फक्त मला माहीत होतं.

त्याच सकाळी मुनीमजी मंदिरातल्या पंडितजींना घेऊन आले. पंडितजी वृद्ध होते, भले होते. छत्री मिटून ते गल्लीतल्या कडुनिंबाखाली उभे राहिले. त्यांनी मला विचारलं,

“बहिणीचं लग्न झालं होतं ना?”

“हो.”

“मग भावाला तीन रात्री. आज तू शुद्ध आहेस. आंघोळ कर, कामाला जा.”

मुनीमजी बायकांकडे वळले. “सुना?”

पंडितजींनी मला विचारलं, “तू शिकलेला आहेस. पोथी वाचतोस म्हणतात. खोटं सांगतो का मी?”

मी म्हणालो, “नाही. तसंच लिहिलं आहे.”

हे बोलायला नको होतं. पण मला विचारलं गेलं आणि ते खरं होतं. टोकाला बसलेल्या एका पोरसवदा बाईने आपल्या सुपाच्या कडेला हात लावला. म्हातारीने तिच्या हातावर चापट मारली.

मग म्हातारी उठली. उठायला तिला वेळ लागला. ती म्हणाली, “महाराज, मी अडानी. मले एक सांगा. चिता पेटवनाऱ्याले किती?”

मुनीमजी म्हणाले, “वो बात अलग है.” पण पंडितजी खोटं बोलणारे नव्हते.

“अग्नी देणाऱ्याला दहा,” ते म्हणाले. “मग तो रस्त्यावरचा परका माणूस का असेना.”

“अग्नी कोनं देल्ला?” म्हातारीने मला विचारलं.

“मी दिला.”

“मंग बाबूले दहा.”

पोथीत तीही ओळ होती. पुढच्याच पानावर. मी माझी ओळ सापडल्यावर पुढे वाचलंच नव्हतं.

मुनीमजी म्हणाले, “चलो, इसको दस. मगर तुम लोगों को क्या? तुमने दी है आग?”

“लाकूड ओलं होतं,” म्हातारी म्हणाली. “धरत नोहतं. इचारा कोनाले बी. आग आमच्या कातरनानं धरली. पोतं भरून देल्लं होतं. हिचं, हिचं, माहं, सगळ्याइचं. आता सांगा महाराज, आमाले किती?”

पंडितजींनी तिच्याकडे पाहिलं, मग सुपांच्या रांगेकडे. छत्री उघडली. “मला भावाचं विचारायला आणलं होतं,” ते मुनीमजींना म्हणाले. “ते मी सांगितलं.” आणि ते चालू लागले. मुनीमजी त्यांच्या मागे गेले.

पुढचे दिवस लांब होते. रोजचं काम रोजच्या खाण्यासाठी होतं. ते थांबलं तसं खाणं कमी झालं. कुणी रानातून भाजी आणली, कुणी नदीतून खेकडे. सुतकात ते चालत नाही. बायकांनी ते गल्लीत न आणता घरीच शिजवलं आणि मी विचारलं नाही. सहाव्या दिवशी म्हातारी माझ्या ओट्याच्या पायरीवर बसली आणि म्हणाली, “दहा दिवस लय होतात, बाबू.” पहिल्यांदाच तिचा आवाज थकलेला वाटला. “तू जाशील का?”

“नाही.”

“मंग मी बी बसतो,” ती म्हणाली आणि बसून राहिली.

सातव्या दिवशी मुनीमजी एकटे आले. सेठजींचा निरोप होता: उद्या आलो तर त्यांच्या दोन्ही कारखान्यांचा मोठा चेकर करतील, नाही आलो तर टेबलाला दुसरे पुष्कळ आहेत. मी पुन्हा तेच दोन शब्द सांगितले. सुतक आहे. त्यांनी विचारलं, “और कुछ नहीं कहना?” मला पुष्कळ म्हणायचं होतं. मी दार लोटून घेतलं.

तोवर गोष्ट बाजारात गेली होती. पानठेल्यांवर लोक लाल धाग्याचा कट्टा हातात घेऊन विचारू लागले होते, हा सुतकाच्या आधीचा की नंतरचा? नंतरचा असा कट्टा मुळात नव्हताच. पण विचारणाऱ्याला ते कोण सांगणार? सेठजी सोमवार करणारे, दारात गाय बांधणारे. त्यांना मजूर बसल्याचं कमी आणि या बोलण्याचं जास्त लागलं असावं. हा माझा तर्क आहे.

आठव्या दिवशी म्हातारी म्हणाली, “कागद लागंल. तोंडी बोललेलं मुनीम गिळून टाकते. लिह्य.” मी लिहायला बसलो. शाळेत शिकवलेला मायना घातला, विनंती विशेष, कृपावंत, आम्ही खाली सह्या करणारे गरीब. तिने वाचून घेतला.

“एवढं कायले?”

“अर्ज असाच लिहितात.”

“बाईनं येवढं कधी म्हटलं होतं का? ती काय म्हने तेच लिह्य.”

मी नवा कागद घेतला. ‘छाटीची बिडी कामगारासमोर मोडावी.’ एक ओळ. मग नागपूरच्या गृहस्थांची वही आठवून मी म्हणालो, आता नावं द्यावी लागतील. मुसलमान बाई पुढे आली. “मेरा पहले लगा लो. मेरा तो बुखार भी झूठा है.” तिने अंगठा दिला. मग रांग लागली.

दहाव्या दिवशी मुनीमजी आले, कागद घेतला, सेठजींकडे नेला आणि दिवेलागणीच्या आधी तो घेऊन परत आले. गल्लीत उभं राहून म्हणाले, “सेठजी कहते हैं, मरनेवाली की इच्छा थी. पुण्य समझ के मान लेते हैं.”

“पुन्य म्हना का काई बी म्हना,” म्हातारी म्हणाली. “मोडा.”

अकराव्या दिवशी सकाळी बायकांनी सुपं सुलटी केली. मी टेबलाशी बसलो. पहिला कट्टा म्हातारीचा होता. त्यात एका बिडीचं तोंड खरोखर उघडं होतं. मी ती बाजूला काढली आणि दोन्ही हातांनी मोडली. जर्दा टेबलावर सांडला. दालनात सगळ्यांचे हात थांबले होते.

म्हातारी म्हणाली, “बरोबर हाये. ती खराबच होती.” आणि पुढे सरकली.

त्या दिवशी मी फार थोड्या बिड्या काढल्या. समोर मोडायची म्हटल्यावर चांगली बिडी फेकायला हात धजत नाही, आणि मालकालाही त्यात काही मिळत नाही. मागच्या खोलीतल्या दोन माणसांना आठवड्याभरात बिड्या शेकायच्या भट्टीवर पाठवलं.

दोन महिन्यांनी मला काढलं. कारण सांगितलं नाही. बायकांनी पुन्हा सुपं पालथी घालायची तयारी दाखवली. मी नको म्हणालो. माझ्यासाठी तो उपाय वापरला असता तर तो तिथेच झिजला असता, असं मला वाटलं. बरोबर होतं की नाही, ठाऊक नाही. त्यानंतर मी कामगारांचे अर्ज लिहीत आलो. अंगठ्यांचा तो कागदच पुढे कामगारांच्या नावांच्या वहीचं पहिलं पान झाला. म्हातारी तिसऱ्या वर्षी गेली. तिच्या वेळीही कातरणाचं पोतं गेलं आणि सुपं पालथी झाली. त्या दहा दिवसांत आजूबाजूच्या चार कारखान्यांतल्या बायका येऊन बसून गेल्या.

यंदा इंग्रज गेले, झेंडा बदलला. कारखान्यात पेढे वाटले.

बाईचं सूप मुसलमान बाईकडे आहे. ती त्यावर काम करते. फरमा आणि कातर माझ्याकडे आहेत. पांढऱ्या धाग्याचा कट्टा पेटीत, भूगोलाच्या पुस्तकाशेजारी आहे. त्यातल्या तिच्या बिड्या मी वेगळ्या केलेल्या नाहीत. पानं वाळून ठिसूळ झाली आहेत, हात लावला तर मोडतील. म्हणून मी लावत नाही.

त्या टेबलावर आता दुसरा चेकर बसतो. तो छाटीची बिडी कामगारासमोर मोडतो.